यशोगाथेच्या पुढचे पान



एरवी मी आपल्याशी बियाणे, खत आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आज एका वहीविषयी बोलणार आहे. ही हिशेबाची वही नव्हे. आपल्यावर जे गुजरले, ते घडले तसेच, पण ऐकणाऱ्याने कान देऊन ऐकावे असे लिहून ठेवण्याची ही वही. पुस्तकांच्या जगात अशा लिखाणाला आत्मकथन म्हणतात, अनुभवकथन म्हणतात, कोणी ललित गद्य म्हणतात. नावात अडकू नका. वाचताना गोष्टीसारखे वाटावे आणि त्यातली प्रत्येक गोष्ट घडलेली असावी, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

'हे काम मास्तरांचे, लेखकांचे. आम्ही कुळव धरणारी माणसे,' असे आपण म्हणाल. मीही तेच म्हणत असे. मी शेतकी कॉलेजात शिकलो, तीस वर्षे विस्ताराच्या कामात काढली, अहवाल लिहून लिहून बोटाला घट्टे पडले. पण घडलेली गोष्ट कशी लिहावी हे मला सातवी शिकलेल्या एका शेतकरी बाईने शिकवले. ती हकीकत आधी सांगतो. तीत चूक माझी आहे.

भिंतीवरचे कात्रण

सोलापूर जिल्ह्याच्या अवर्षणी भागात तेव्हा मी काम करीत होतो. २००२ साली तिथल्या एका शेतकऱ्याने दीड एकर मुरमाड माळावर डाळिंबाची ४५० झाडे लावली. ठिबक बसवले. चार वर्षांत बाग डोळ्यांत भरण्यासारखी झाली. २००६ च्या पावसाळ्यात, आंबे बहाराची फळे तोडणीला आली असताना, मी फोटोग्राफरला घेऊन बागेवर गेलो आणि त्यांची यशोगाथा लिहिली.

यशोगाथा कशी लिहायची ते आम्हा मंडळींना पाठ असते. पूर्वी इथे ज्वारी आणि मटकीशिवाय काही पिकत नव्हते. मग शास्त्रीय सल्ला मिळाला. मग बाग उभी राहिली. मग उत्पन्नाचा आकडा, आणि शेवटी फेटा बांधून हसणाऱ्या शेतकऱ्याचा फोटो. माझा लेख दिवाळीच्या सुमारास छापून आला. शेतकऱ्याने कात्रण काचेच्या चौकटीत बसवून ओसरीच्या भिंतीवर लावले.

लेख छापून आला तेव्हा त्या बागेत तेल्या शिरलेला होता. पुढच्या पावसाळ्यात तो पानांवरून फळांवर आला, फळे तडकली, आणि २००७ संपण्याआधी त्या माणसाने आपल्या हाताने सगळी झाडे उपटून जाळली. माझी तोवर दुसरीकडे बदली झाली होती. मला काही कळले नाही.

२००८ च्या उन्हाळ्यात एका कामासाठी त्या गावी गेलो, तेव्हा सहज त्यांच्या घरी डोकावलो. माळ उघडा पडला होता. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी गोठ्याच्या छपरावर टाकलेली होती. शेतकरी घरी नव्हते. त्यांच्या पत्नीने घोंगडी टाकली, पाणी दिले. माझी नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली आणि मी मान खाली घातली. तेव्हा त्या म्हणाल्या,

"सायेब, ह्ये वरचं तुमी लिवलं. आता फुडचं कोन लिवनार?"

मी काय बोलणार? "वहिनी, मला माहीतच नव्हतं," एवढे कसेबसे म्हणालो. त्या आत गेल्या आणि लेकीची जुनी दोनशे पानी वही घेऊन आल्या. वहीच्या एका बाजूने फवारणीच्या नोंदी होत्या. वही उलटी करून दुसऱ्या बाजूने त्यांनी स्वतः लिहिले होते. माझ्या हाती वही दिली नाही. उंबऱ्यावर बसून वाचून दाखवली. पुढे त्यांच्या परवानगीने काही ओळी मी उतरून घेतल्या, त्या अशा:

"तीन दिस झड लागली हुती. चौथ्या दिशी ऊन पडलं. मी गवत काढाया गेले. वढ्याकडच्या शेवटच्या वळीत पानावर डाग दिसला. तेलाचा थेंब सांडल्यावानी. वाटलं, पंपातलं तेल उडालं असंल. पदरानं पुसला. पुसंना. मालकास्नी सांगितलं. ते म्हनाले, आज मालाची गाडी यायची हाय, मागनं बघू."

आणखी पुढे:

"त्याच आठवड्यात सायेब आले. संगं फोटोवाला. म्होरल्या वळीतली झाडं झकास हुती, तिथंच फोटो काढला. मी म्हननार हुते, सायेब, वढ्याकडं चला. पन मानसं लई हुती आन मी दारात हुते. च्या पिऊन गाडी गेली."

मंडळी, मी घाम पुसला. त्या दिवशी मला दुपारी दुसऱ्या गावी बैठक होती. बागेच्या शेवटच्या ओळीपर्यंत चालायला दहा मिनिटे लागली असती. ती दहा मिनिटे मी दिली नाहीत, आणि माझ्या लेखात ती दिली नाहीत हेही आले नाही.

त्या वहीत काय होते

तेल्या म्हणजे तेलकट डाग रोग. जिवाणूंमुळे होतो. पावसाच्या दमट हवेत वाढतो, पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरतो, रोगट झाडावरच्या गुटी कलमांतून नव्या बागेत येतो आणि छाटणीच्या कात्रीवर बसून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. हे सारे मी भाषणात शंभरदा सांगितले आहे. ऐकणाऱ्यांनी शंभरदा मान डोलावली आहे.

त्या वहीत हेच होते, पण कसे होते पाहा. छाटणीची टोळी शेजारच्या गावातल्या बागेतून सरळ त्यांच्या बागेत आली, आणि कात्र्या त्याच होत्या. त्या बागेत काही बिघडले आहे असे टोळीतल्या एका पोराने त्यांना सांगितले, पण त्यांनी ते मनावर घेतले नाही, कारण मुकादमाला दुपारपर्यंत काम उरकायचे होते आणि त्यांना स्वयंपाकाला जायचे होते. मालासाठी ९० क्रेट उसनवारीने घेतले होते. गंठण गहाण होते, ते या बहारावर सोडवायचे ठरले होते. बाग जाळली त्या रात्री घरात कोणी जेवले नाही, आणि सकाळी उठून मालक पुन्हा माळावर गेले ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत. त्या दिवशी त्या स्वतः तीनदा विहिरीवर जाऊन पाहून आल्या. का, ते त्यांनी लिहिले नव्हते. लिहायची गरज नव्हती. शेवटी लिहिले होते की क्रेट तसेच पडून आहेत आणि कोंबड्या त्यात अंडी घालतात.

माझ्या लेखातला उत्पन्नाचा आकडा खरा होता. जात, अंतर, खताची मात्रा सगळे खरे होते. तरीही तो लेख खोटा पडला. आपण पेटी भरताना वर टपोरी फळे लावतो आणि खाली बारीक माल सरकवतो, तशी मी ती यशोगाथा भरली होती. व्यापारी पेटी उलटी करून पाहतो, वाचकाला तसे करता येत नाही. म्हणून लिहिणाऱ्यानेच पेटी तळापासून सारखी भरली पाहिजे.

पुढच्या वर्षी त्या गावात शेतकऱ्यांची बैठक होती. मी वहिनींना विचारले, वाचाल का? त्यांनी मालकांना विचारले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "वाच. टोळीवाल्याचं नाव घिऊ नकोस." त्यांनी नाव गाळून वाचले. माझा भाग मात्र जसाच्या तसा वाचला, आणि मी समोर बसून ऐकला. सभेत कोणी डोलले नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हाताऱ्या बागाइतदाराने एवढेच विचारले, "कात्र्या त्याच हुत्या म्हंता?" त्या वर्षापासून त्या गावात पुष्कळांनी आपापल्या कात्र्या ठेवल्या आणि प्रत्येक झाडानंतर जंतुनाशकात बुडवायला सुरुवात केली. रोग काही गावातून हद्दपार झाला नाही. पण जे माझ्या शंभर भाषणांनी झाले नव्हते, ते त्या चार पानांनी थोडेफार झाले.

आपल्यासारख्यांनीच लिहिलेली पुस्तके

त्यानंतर मी स्वतः अशी पुस्तके शोधून वाचू लागलो. वाटले होते, मोठ्या विद्वानांची असतील. पण पाहतो तो काय, यांतली कितीतरी पुस्तके ज्यांना शाळाच मिळाली नाही, किंवा भांडून मिळवावी लागली, अशा माणसांनी लिहिलेली.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' घ्या. १८६८ साली जन्मलेल्या या बाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. त्यांचे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. नवऱ्याशी झालेली भांडणे, स्वतःची फजिती, धर्मांतरामुळे घराची झालेली ताटातूट, काहीही त्यांनी लपवले नाही. वाचताना वाटते, त्या समोर बसून बोलत आहेत.

आपल्या माणदेशचे व्यंकटेश माडगूळकर यांचे 'माणदेशी माणसं' १९४९ मध्ये आले. त्या कोरड्या मुलखातली साधी माणसे त्यांनी थोडक्या शब्दांत उभी केली आहेत. फापटपसारा न करता माणूस कसा दाखवावा, हे तिथे शिकायला मिळते.

कागलचे आनंद यादव यांचे 'झोंबी' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाप पोराला शेतात राबवू पाहतो आणि पोराला शाळा हवी असते, त्याची ही कहाणी. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या घरातले दारिद्र्य त्यात आहे. बापाचा राग येतो, पण तोही कष्टाने पिचलेला आहे हे कळत राहते.

बेबीताई कांबळे फलटणला छोटे दुकान चालवीत. पुड्या बांधायला आलेली रद्दी त्या वाचीत आणि घरच्यांच्या नजरेआड वह्या लिहून लपवून ठेवीत. त्यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे. ही तीन पुस्तके शेतकरी घरांनी मुद्दाम वाचावीत. आपण ज्या गावगाड्याच्या आठवणी कौतुकाने सांगतो, त्याच गावगाड्याखाली कोण चिरडले जात होते ते त्यांत आहे. वाचताना काही ठिकाणी राग येईल, काही ठिकाणी शरम वाटेल. तिथे पुस्तक मिटू नका.

वाचायला वेळ कुठून काढायचा? चातुर्मासात आपण पोथी लावतो, एक वाचतो आणि बाकीचे ऐकतात. तशीच ही पुस्तके लावावीत. शाळेतल्या मुलीने वाचावे, आजीने शेंगा फोडता फोडता ऐकावे. पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात मिळते. रोज पाच पाने वाचली तरी दोन महिन्यांत चांगले जाडजूड पुस्तक होते. वाचून झाले की एकच प्रश्न विचारावा: यावरून आपल्या घरातली कोणती गोष्ट आठवली? उत्तर आले की तेच आपल्या वहीचे पहिले पान.

लिहायचे कसे?

मी वहिनींकडून, या पुस्तकांतून आणि स्वतःच्या चुकांतून जे शिकलो ते क्रमाने देतो.

१. एक दिवस निवडा. 'माझे जीवन' लिहायला बसू नका, दोन पानांत दमाल. विहिरीला पाणी लागले तो दिवस, बैल विकला तो बाजार, थोरला वेगळा निघाला ती संध्याकाळ. एवढेच घ्या.

२. विचार मागून, वस्तू आधी. 'फार दुःख झाले' असे लिहून दुःख कळत नाही. क्रेटमध्ये कोंबड्या अंडी घालतात, हे लिहिले की कळते. काय दिसले, काय ऐकू आले, कशाचा वास आला, हातात काय होते, ते लिहा.

३. आकडे सोडू नका. किती झाडे, किती पोती, काय भाव. आपल्या घरी आकडा म्हणजे कोरडी गोष्ट नसते. कांद्याला मिळालेला भाव आणि त्याच दिवशी गाडीभाड्याला गेलेले पैसे शेजारी शेजारी लिहिले, तर वेगळे रडगाणे गावे लागत नाही.

४. बोलता तसे लिहा. 'न्हाई' म्हणत असाल तर 'न्हाई' लिहा. शुद्धलेखन कोणी नंतर तपासील.

५. आठवण पडताळून पाहा. आठवण म्हणजे साठवणीचे धान्य, त्याला पोरकिडे लागतात. सातबारा, आडत्याची पट्टी, सोसायटीची पावती, फवारणीची नोंद काढून साल आणि आकडा जुळवा. जे आपण पाहिले नाही ते 'आई सांगत असे' म्हणून लिहा. जे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असे लिहा. मांडणी आपली, घटना मात्र बदलायची नाही. पाऊस नव्हता तर शोभेसाठी पाऊस पाडू नका.

६. आपली चूक आपण लिहा. भावाची, सुनेची, सरकारची चूक लिहायला हात आपोआप चालतो. आपली चूक लिहिताना तो अडतो. जिथे हात अडतो तिथेच बहुधा खरी गोष्ट असते.

७. दुसऱ्याची अब्रू सांभाळा. वहीत सगळे लिहा, ती आपली आहे. पण चारचौघांत वाचायचे किंवा छापायला द्यायचे झाले, तर ज्याच्याविषयी लिहिले त्याला विचारा, किंवा नाव-गाव गाळा. सूड उगवण्यासाठी लिहिलेले पान वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

८. घरात वाचून दाखवा. हा शेवटचा मुद्दा मला जड गेला, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

आईने केलेली दुरुस्ती

१९७२ च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. तिथे कामावरच्या माणसांना सुकडी मिळे. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. वहिनींची वही ऐकल्यावर मीही हा प्रसंग लिहायला घेतला. चांगले रंगवून लिहिले. बाभळीला बांधलेली झोळी, झोळीत शांत झोपलेले बाळ, आणि हातोडीच्या ठोक्यांची जणू अंगाई.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "बाभळ न्हवती, लिंब हुता. आन तू कशाचा निजतोस? दिसभर रडायचास. मला दूध यायचं न्हाई. तुला सुकडी पान्यात कालवून चारली, ती बी निम्मी तुझ्या बहिनीला ठिवायची असायची."

मी गप्प बसलो. मग तिच्यासमोरच ते पान फाडले आणि ती सांगेल तसे नवे लिहून घेतले. ती सांगत गेली, थांबली, डोळ्याला पदर लावला, पुन्हा सांगत गेली. माझ्या थोरल्या बहिणीने ते ऐकले. आईचा आपल्यावर कमी जीव होता असे ती तोवर मनात धरून होती. त्या रात्री दोघी पडवीत उशिरापर्यंत बोलत बसल्या. काय बोलल्या ते मी विचारले नाही आणि ते माझ्या वहीतही नाही.

आई आता नाही. ते चार पानांचे लिखाण आहे. त्या दिवशी मी अंगाईवरच खूश होऊन वही मिटली असती, तर लिंबही गेला असता आणि निम्मी सुकडीही गेली असती.

आता आपली पाळी

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात आज सत्तरी-ऐंशीची माणसे आहेत. बैलांची मोट, संकरित ज्वारीचे पहिले पीक, गावात आलेली पहिली वीज, सावकाराकडे ठेवलेला कागद, हे त्यांनी पाहिले आहे. त्यांना लिहिता येत नसेल तर नातवाने लिहून घ्यावे. आणि आपल्यावर जे आज गुजरते आहे तेही लिहावे. पीक साधले तर लिहावे, बुडाले तर नक्की लिहावे. यशोगाथा लिहायला माझ्यासारखे पुष्कळ आहेत. बुडालेल्या वर्षाची हकीकत घरच्याच माणसाने लिहिली पाहिजे, कारण शेवटच्या ओळीपर्यंत तेच चालत गेलेले असते.

फार सामान लागत नाही. एक वही, एक पेन, आणि जेवणे झाल्यावरचा अर्धा तास. पावसाची उघडीप नसेल, शेतात पाय घालता येत नसेल, तो दिवस या कामाला चांगला. पहिल्या दिवशी पाच ओळी झाल्या तरी पुष्कळ झाल्या.

त्या वहिनींनी आता तिसरी वही सुरू केली आहे. माळावर आता सीताफळ आहे. मध्यंतरी भेटलो तेव्हा ओसरीवर गेलो. माझे कात्रण अजून भिंतीवर आहे. मी म्हणालो, "वहिनी, काढून टाका की ते." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सायेब. ते पयलं पान हाय. फुडची माज्याकडं हायेत."

मग मी सीताफळाची बाग पाहायला निघालो. या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत गेलो.